अणुसंमीलनाच्या भट्टीचे धोके व त्यांची पारख

मूलच्या आसपास धानाची कापणी व मळणी आटोपली म्हणजे गिरण्यांतून तांदळाचीं कामें सुरू होतात. उसना तांदूळ करावयाचा तर धान वाफवावें लागतें; धान वाफवावयाचें म्हणजे बॉयलर आला, आणि बॉयलर आला म्हणजे त्याचा धोकाहि आला. हा धोका गिरणींत काम करणाऱ्या माणसास समजावून द्यावा लागत नाहीं. बॉयलर चांगला कीं वाईट, असा मोघम प्रश्न तो विचारीत नाहीं. आंत वाफ किती कोंडली आहे, ती बाहेर यावयास काय निमित्त होईल, दाब वाढला तर सुटकेची झडप उघडते कीं नाहीं, आणि इतकें करूनहि बॉयलर फुटलाच तर तुकडे कोठवर उडतील, हे चार प्रश्न तो मनांतल्या मनांत विचारतो व मग कामाला लागतो. आज ज्या यंत्राविषयीं मी बोलणार आहें, तें ह्या बॉयलरहून फार निराळें आहे. परंतु त्याची पारख करण्याची रीत मात्र हीच आहे.

हें यंत्र म्हणजे अणुसंमीलनाची भट्टी होय. तारापूरच्या ज्या अणुवीजकेंद्रानें १९६९ सालीं वीज देण्यास आरंभ केला, तेथें युरेनियमसारख्या जड अणूचें केंद्र फोडून उष्णता काढतात. त्यास अणुभंजन म्हणतात. संमीलनाची कृति ह्याच्या उलट आहे. ड्यूटेरियम व ट्रिटियम हे हायड्रोजनचे दोन जड प्रकार आहेत. त्यांचीं केंद्रें एकमेकांवर इतक्या वेगानें आदळवावयाचीं कीं तीं जुळून एक व्हावीं. तीं जुळलीं म्हणजे हेलियमचें एक केंद्र व एक न्यूट्रॉन बाहेर पडतो, आणि निघालेल्या शक्तीपैकीं सुमारें चार-पंचमांश भाग हा न्यूट्रॉन घेऊन जातो. सूर्याचें तेज ह्याच जातीच्या क्रियेंतून निघतें. पृथ्वीवर ती घडवावयाची तर वायु सुमारें १५ कोटि अंशांपर्यंत तापवावा लागतो. अशा तापलेल्या वायूस प्लाझ्मा हें नांव आहे. कोणत्याहि धातूचें भांडें त्याचा सततचा स्पर्श सहन करूं शकत नाहीं. म्हणून एका प्रचंड निर्वात पात्राच्या मधोमध, लोहचुंबकांच्या अदृश्य पिंजऱ्यांत, त्यास तोलून धरतात. असल्या यंत्रास टोकामाक म्हणतात.

१९५५ सालच्या ऑगस्ट महिन्यांत जिनीव्हा येथें अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयीं पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष मुंबईचे डॉ. होमी भाभा हे होते. वीस वर्षांच्या आंत ही संमीलनशक्ति ताब्यांत ठेवून वापरण्याची रीत सांपडेल, असें भाकीत त्यांनीं तेथें केलें. तें त्या मुदतींत खरें झालें नाहीं, आणि अद्याप जगांत कोठेंहि अशा भट्टींतली वीज तारांवर आलेली नाहीं. परंतु प्रयत्न थांबलेले नाहींत. गुजरातेंत गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेंत ‘आदित्य’ नांवाचा टोकामाक १९८९ सालीं सुरू झाला. फ्रान्सच्या दक्षिणेस कादाराश येथें ‘इटर’ नांवाची महाकाय भट्टी उभारली जात आहे, आणि तिच्यांत भारत २००५ सालापासून भागीदार आहे. ती ५०० मेगावॉट संमीलनशक्ति उत्पन्न करील अशी तिची आंखणी आहे. सध्यांच्या वेळापत्रकाप्रमाणें ड्यूटेरियम व ट्रिटियम यांचें खरें संमीलन तेथें २०३९ सालीं व्हावयाचें आहे.

मग आजच ह्या धोक्यांची चर्चा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्या जिल्ह्याच्या अनुभवांतच आहे. मोठ्या यंत्राचा शेजार आपणांस नवा नाहीं. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची शक्ति २,९२० मेगावॉट आहे. तें पूर्ण भारानें चाललें तर दिवसास चाळीस ते पन्नास हजार टन कोळसा त्याच्या पोटांत जातो. खाणी आल्या तेव्हां गांवें उठलीं. ताडोबाचें रान वाघांसाठीं मोकळें करावयाचें ठरलें, तेव्हां बोटेझरीचे लोक २००७ च्या सुमारास वाडवडिलांचीं घरें सोडून आमच्या मूल तालुक्यांत भगवानपूर येथें येऊन वसले. गांव सोडणें म्हणजे काय, हें ह्या मुलखांत कोणास पुस्तकांतून वाचावें लागत नाहीं. म्हणून उद्यां एखादें नवें यंत्र येणार असें कानावर आलें, तर येथला माणूस पहिला प्रश्न हाच विचारील कीं, आम्हांस गांव सोडावें लागेल काय?

संमीलनाच्या भट्ट्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनींहि आपली मुख्य कसोटी म्हणून नेमका हाच प्रश्न घेतला आहे. आंत कितीहि मोठा अपघात झाला, तरी कुंपणाबाहेर राहणाऱ्या कोणासहि घर सोडून जाण्याची पाळी येऊं नये, असें ध्येय त्यांनीं ठरविलें. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानें १९९६ सालीं त्यासाठीं आंकडाहि घालून दिला: अपघातांत बाहेरच्या माणसास मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा १० मिलिसीव्हर्टच्या वर जातां कामा नये. जमीन, आकाश, हवा व अन्न यांतून प्रत्येक मनुष्यास निसर्गतःच वर्षाला सरासरी सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळत असते. म्हणजे ही मर्यादा चारएक वर्षांच्या नैसर्गिक मात्रेइतकी झाली. एवढी कसोटी हातीं घेऊन आतां आपण गिरणीवाल्याचे प्रश्न ह्या भट्टीस लावून पाहूं.

परंतु प्रथम एक मोठी भीति दूर केली पाहिजे. हायड्रोजन बाँबमध्येंहि संमीलनच होतें. तर मग ही भट्टी बाँबसारखी उडणार नाहीं काय? ती उडणार नाहीं, आणि ह्याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. हायड्रोजन बाँब पेटविण्यासाठीं आधीं एक अणुबाँब फोडावा लागतो. त्याच्या प्रचंड दाबाशिवाय तें इंधन पेटत नाहीं. भट्टींत तसा दाब उत्पन्न करणारें कांहींच नसतें. ‘इटर’सारख्या पात्रांत कोणत्याहि क्षणीं जळणारें इंधन थोड्या ग्रॅमांहून अधिक नसतें, चिमटींत मावेल एवढेंच तें असतें.

येथें लोहाराच्या भट्टीचा दाखला उपयोगी पडेल. घरांतील शेगडींत एकदां कोळसे भरून पेटविले कीं आपण तेथून उठून गेलों तरी ते जळतच राहतात. अणुभंजनाची भट्टी ह्या शेगडीसारखी आहे. तींत वर्षभराहून अधिक दिवसांचें इंधन एकदमच भरलेलें असतें, आणि सारें कौशल्य त्यास आवरून धरण्यांत असतें. १९८६ सालीं चेर्नोबिल येथें हें आवरणें साधलें नाहीं. संमीलनाची भट्टी लोहाराच्या भात्यावर चालणाऱ्या आगीसारखी आहे. भाता थांबला कीं लोखंडास तापविणारी धग गेली. चुंबकांचा पिंजरा ढिला पडला, इंधनाची पिचकारी बंद झाली, किंवा भिंतीस भोंक पडून आंत थोडी हवा शिरली, तरी प्लाझ्मा क्षणांत निवतो व क्रिया आपोआप थांबते. बिघाड झाल्यावर जी विझते, ती आग हाताबाहेर जाऊन भडकत नाहीं. हा गुण कोणत्याहि झडपेवर किंवा पहारेकऱ्यावर अवलंबून नसून त्या क्रियेच्या स्वभावांतच आहे.

ह्यावरून कित्येकजण असा निष्कर्ष काढतात कीं, ही भट्टी सर्वस्वीं निर्धोक होय. येथें मात्र थांबलें पाहिजे. आग भडकत नाहीं एवढ्यावरून घर सुरक्षित ठरत नाहीं. घरांत काय सांठविलें आहे तेंहि पाहावें लागतें. म्हणून पहिला प्रश्न: आंत कोंडलेलें काय व किती?

आंतील मुख्य विषारी वस्तु म्हणजे ट्रिटियम. हा किरणोत्सर्गी हायड्रोजन आहे. दर १२.३ वर्षांनीं तो निम्मा होतो. त्याचे किरण इतके दुबळे असतात कीं ते आपल्या कातडीतूनहि पार जात नाहींत. तेव्हां तो शरीराबाहेर असेपर्यंत त्याची भीति नाहीं. पण तो हायड्रोजन आहे, आणि हायड्रोजन जेथें जातो तेथें पाणी होऊन राहतो. वायुरूप ट्रिटियम श्वासांतून आंत जाऊन बहुतेक तसाच बाहेर येतो. त्याचें पाणी झालें म्हणजे मात्र शरीर त्यास आपलेंच पाणी समजून अंगीं मुरवितें, आणि त्याचा अपाय हजारों पट वाढतो. सुदैवानें शरीरांतलें पाणी बदलत असतें. त्यामुळें सुमारें दहा दिवसांत त्यांतलें अर्धें निघून जातें. वनस्पतींच्या व प्राण्यांच्या पेशींत पक्कें बसलेलें ट्रिटियम मात्र अधिक काळ टिकतें.

आपल्यासारख्या धानाच्या मुलखांत ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. येथें पावसाचें पाणी मालगुजारीच्या काळच्या तलावांत सांठतें, तेथून बांधींत उतरतें, बांधींतून धानांत जातें आणि धानांतून आपल्या ताटांत येतें. गुराढोरांचें पाणी व तलावांतील मासे हेहि त्याच वाटेवर आहेत. वाळवंटांत बसविलेल्या भट्टीसाठीं केलेला हिशेब अशा प्रदेशास जसाच्या तसा लागू पडणार नाहीं. धोका केवळ यंत्रांत नसतो. तें यंत्र कोणत्या पाण्याच्या शेजारीं उभें आहे, ह्यावरहि तो ठरतो.

‘इटर’च्या आवारांत मिळून ४ किलोग्रॅमहून अधिक ट्रिटियम असूं नये व त्यांपैकीं निर्वात पात्राच्या आंत १ किलोग्रॅमहून अधिक सांठूं देऊं नये, अशी मर्यादा घातलेली आहे. ही मर्यादा पाळणें वाटतें तितकें सोपें नाहीं. हायड्रोजन हा धातूंत मुरणारा वायु आहे; तापलेल्या पोलादांतून तो झिरपतो, आणि भिंतींच्या आंत किती अडकून बसला आहे हें डोळ्यांनीं दिसत नाहीं. शिवाय वीज देणाऱ्या भावी केंद्रास ट्रिटियम पुष्कळ लागेल. १,००० मेगावॉट संमीलनशक्तीचें केंद्र वर्षभर अखंड चाललें तर सुमारें ५५ किलोग्रॅम ट्रिटियम जळून जाईल. एवढें ट्रिटियम निसर्गांत तयार सांपडत नाहीं. भट्टीच्या भोंवतालच्या वेष्टनांत लिथियम ठेवून त्यावर न्यूट्रॉन पाडून तें तेथल्या तेथें बनवावें लागेल. तेव्हां आवारांत सतत ट्रिटियम बनत, गाळलें जात व फिरत राहील. तें कोणत्या नळींत किती आहे याची रोजची खतावणी ठेवणें, हें सुरक्षिततेचें पहिलें काम होऊन बसेल.

दुसरी वस्तु म्हणजे धूळ. प्लाझ्माच्या तडाख्यानें पात्राच्या अस्तराची झीज होते व टंगस्टनसारख्या धातूची बारीक भुकटी तळाशीं जमते. न्यूट्रॉनांच्या माऱ्यानें ही भुकटी व भोंवतालचें पोलाद किरणोत्सर्गी बनतें. पोलाद जागचें हलत नाहीं. धूळ मात्र उडते. ‘इटर’मध्यें ही धूळ पात्रांत १,००० किलोग्रॅमच्या आंत ठेवावयाची आहे. तापलेल्या धुळीवर पाण्याची वाफ आली तर हायड्रोजन वायु सुटूं शकतो, आणि त्यांत हवा मिसळली तर स्फोट होऊं शकतो. म्हणून धूळ कमी ठेवणें व पाणी दूर ठेवणें, ह्या दोन्ही गोष्टींस तेथें फार महत्त्व आहे.

आतां दुसरा प्रश्न: कोंडलेली वस्तु बाहेर ढकलण्यास कोणतें बळ हजर आहे? बहुतेकांस वाटतें कीं, १५ कोटि अंशांचा प्लाझ्मा हेंच सर्वांत मोठें बळ असावें. हिशेब निराळें सांगतो. ‘इटर’मधील सगळ्या प्लाझ्मांत सांठलेली उष्णता सुमारें ३५० मेगाज्यूल, म्हणजे दहा लिटर डिझेल जाळल्यावर निघते तितकीच आहे. तापमान अफाट, पण वस्तु चिमूटभर! ती उष्णता क्षणार्धांत एके ठिकाणीं पडली तर अस्तर वितळवील, आणि प्लाझ्माचा तोल एकाएकीं गेला म्हणजे पात्रास शेकडो टनांचा हिसका बसतो, ही गोष्ट इंग्लंडांतील ‘जेट’ यंत्रावर पूर्वीं अनुभवास आलेली आहे. तथापि ह्यानें यंत्राचें नुकसान होतें. शेजारच्या गांवाचें होत नाहीं.

ह्याहून किती तरी मोठी शक्ति थंडगार चुंबकांत दडलेली असते. ‘इटर’च्या सर्व अतिसंवाहक चुंबकांत मिळून सुमारें ५१,००० मेगाज्यूल शक्ति राहील, म्हणजे चौदाशें लिटर डिझेलाइतकी. चुंबक बिघडले म्हणजे काय होतें, ह्याचा धडा जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेंत १९ सप्टेंबर २००८ रोजीं मिळाला. तेथील कणवेगवर्धकांत दोन चुंबकांमधला विजेचा एक सांधा निकामी झाला. ठिणगी पडली, थंडाव्यासाठीं भरलेला द्रव हेलियम एकदम वायुरूप झाला, सुमारें सहा टन हेलियम भुयारांत सुटला, आणि अनेक टन वजनाचे चुंबक आपल्या जागेवरून हलले. आंत कोणी नसल्यामुळें कोणास इजा झाली नाहीं. पण यंत्र पुन्हां सुरू होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. ही संमीलनाची भट्टी नव्हती. तरी हजारों सांध्यांपैकीं एक कच्चा राहिला तर काय घडतें, हें त्यावरून संमीलनवाल्यांसहि कळून चुकलें.

तिसरें बळ म्हणजे भट्टी निवविणारें पाणी. तें दाबाखालीं व तापलेलें असतें. त्याची नळी निर्वात पात्राच्या आंत फुटली तर पाण्याची वाफ होऊन पात्रांतला दाब वाढूं लागतो. हा प्रसंग अगदीं बॉयलरसारखाच आहे, आणि त्यावरचा उपायहि तसाच योजला आहे. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं वाफेस दुसरी वाट मिळते व ती पाण्यानें भरलेल्या टाक्यांत जाऊन निवते.

चौथें बळ सावकाशीनें काम करणारें आहे. न्यूट्रॉनांनीं किरणोत्सर्गी झालेलें पोलाद भट्टी बंद केल्यावरहि थोडें थोडें तापत राहतें. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत फुकुशिमा येथें जें घडलें, तें ह्याच जातीच्या उष्णतेनें. भूकंप होतांच तेथील चालू अणुभट्ट्या आपोआप बंद झाल्या. परंतु बंद होतांना भंजनाच्या भट्टींत पूर्वीच्या शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता उरते व ती हळूहळूच कमी होते. समुद्राच्या लाटेनें पंप थांबले, इंधन वितळलें, आणि हजारों लोकांस गांवें सोडावीं लागलीं. संमीलनाच्या भट्टींत ही मागें उरणारी उष्णता त्याहून कमी असते व ती मोठ्या पोलादी वस्तुमानांत पसरलेली असते. तरी ती शून्य नव्हे, आणि पारख करतांना ती विसरून चालत नाहीं.

तिसरा प्रश्न: बाहेर येणाऱ्या वस्तूस अडविणाऱ्या भिंती किती? पहिली भिंत म्हणजे निर्वात पात्र स्वतः. तेंच प्लाझ्मास जागा देतें आणि तेंच ट्रिटियमास कोंडतें. दुसरी भिंत म्हणजे इमारत. तेथील हवा बाहेर सोडण्यापूर्वीं तींतलें ट्रिटियम वेगळें काढणारी व्यवस्था असते. पात्राच्या दुहेरी भिंतींमध्यें न्यूट्रॉन अडविणारे पोलादी ठोकळे बसविलेले आहेत, ते भारतानें पुरविले. सगळ्या यंत्रास वेढणारें, सुमारें ३० मीटर उंच व तितकेंच रुंद असें थंड पात्रहि सुरतेजवळ हजिरा येथें घडून फ्रान्सला गेलें.

परंतु भिंतीची खरी परीक्षा तिच्या जाडीवरून होत नाहीं. चंद्रपूरच्या गोंड राजांनीं शहराभोंवतीं जो भव्य परकोट बांधला, त्यास चार दरवाजे व पांच खिडक्या आहेत. शत्रूस वाट मिळावयाची ती दगडांतून नव्हे, दरवाज्यांतून. संमीलनाच्या पात्रासहि असेच अनेक दरवाजे ठेवावे लागतात: इंधन आंत सोडण्याचा, वायु बाहेर ओढण्याचा, प्लाझ्मा तापविणाऱ्या लहरींचा, मोजमापाच्या भिंगांचा. तपासनीस जेव्हां नकाशा पुढें घेऊन बसतो, तेव्हां त्याचें बोट ह्या खिडक्यांवर अधिक फिरतें. शिवाय एकच अपघात दोन्ही भिंतींस एकदम भोंक पाडणार नाहीं ना, हेंहि तो पाहतो. दोन कुलपांची किल्ली एकाच खुंटीस टांगलेली असेल तर दोन कुलपें लावून उपयोग काय?

आतां चौथा व शेवटचा प्रश्न: हें सर्व करूनहि भट्टी फुटलीच तर? येथें पारखीच्या दोन रीती आहेत. एका रीतींत प्रत्येक भाग किती वर्षांनीं एकदां बिघडतो याचा अंदाज घेऊन अपघाताची संभाव्यता काढतात. जुन्या यंत्रांस ही रीत चांगली लागू पडते, कारण बॉयलर किती फुटले याच्या नोंदी शंभर वर्षांच्या आहेत. संमीलनाच्या वीजकेंद्राच्या अशा नोंदीच नाहींत, कारण असें केंद्र अजून एकहि चाललेलें नाहीं. त्याच्या नळ्यांचे व सांध्यांचे आंकडे दुसऱ्या उद्योगांकडून उसने आणावे लागतात, आणि तशा तीव्र न्यूट्रॉनांच्या माऱ्याखालीं पोलाद वीस वर्षांनीं कसें वागेल हें प्रत्यक्ष कोणी पाहिलेलें नाहीं. म्हणून ‘दहा लाख वर्षांत एकदां’ असले आंकडे कानावर आले तर ते विनयानेंच घ्यावे.

दुसरी रीत अधिक रोखठोक आहे. कसें घडलें तें विचारूं नका. घडलें असें समजा, आणि परिणाम मोजा. २००५ सालीं युरोपच्या शास्त्रज्ञांनीं भावी वीजकेंद्रांचे आराखडे ह्या रीतीनें तपासले. भट्टी निवविणारा सर्व प्रवाह एकदम नाहींसा झाला, एकहि पंप चालला नाहीं, कोणी माणूस मदतीस धांवला नाहीं, असें त्यांनीं धरून चाललें. भट्टी वितळत नाहीं, असें हिशेबांतून निघालें. बाहेरच्या सर्वांत जवळच्या माणसास मिळणारी मात्रा एका आराखड्यांत १ मिलिसीव्हर्टच्या थोडी वर, तर दुसऱ्यांत १८ च्या आसपास आली. कित्येक देशांत वस्ती हलविण्याचा विचार ५० मिलिसीव्हर्टपासून होतो. त्याहून दोन्ही आंकडे कमीच आहेत. पण आरंभीं सांगितलेली १० ची कसोटी लावून पाहिली, तर पहिला आराखडा उतरतो आणि दुसरा अडतो.

श्रोतेहो, माझ्या सबंध भाषणांतील सार ह्या दोन आंकड्यांत आहे. दोन्ही भट्ट्यांतील क्रिया एकच, इंधन एकच, आणि तरीहि उत्तरांत इतका फरक. म्हणजे ‘संमीलन निर्धोक आहे’ हें वाक्य अर्धेंच खरें आहे. न भडकण्याचा गुण क्रियेचा आहे. गांव सोडावें लागूं नये हा गुण मात्र त्या विशिष्ट भट्टीच्या बांधणींतून, तिच्यांत सांठविलेल्या वस्तूंच्या मापांतून व तिच्या भिंतींतून कमवावा लागतो. १९८४ सालच्या डिसेंबरांत भोपाळला जो विषारी वायु सुटला, त्याच्या टाकींत सुमारें ४० टन द्रव सांठविलेला होता. तें रसायन मालाच्या वाटेवरचा एक टप्पा होतें, आणि तें इतकें सांठवून ठेवण्याची आवश्यकता नव्हती. सांठा लहान तर संकट लहान, हा तेथला महागडा धडा आहे, आणि ट्रिटियमाच्या बाबतींत तो अक्षरशः लागू आहे. चार किलोग्रॅमच्या जागीं एका किलोग्रॅमावर काम भागविणारी आंखणी दहा नव्या झडपांहून अधिक मोलाची आहे.

आणि कमावलेला गुण टिकविण्यास जागता पहारा लागतो. ‘इटर’च्या कागदपत्रांवर २०११ सालीं जाहीर चौकशी झाली, आणि २०१२ सालच्या नोव्हेंबरांत फ्रेंच सरकारनें रीतसर परवाना दिला. तरीहि जानेवारी २०२२ मध्यें तेथील अणुसुरक्षा प्राधिकरणानें भट्टीची जुळणी पुढें नेण्यास संमति नाकारली. पात्राचे प्रचंड भाग ज्या कडांनीं जोडावयाचे, त्या मापांत बरोबर बसत नव्हत्या; किरणांपासून कामगारांचें रक्षण करणाऱ्या भिंती पुरेशा आहेत काय, आणि त्या वाढविल्या तर पाया भार सोसेल काय, हे प्राधिकरणाचे प्रश्न होते. त्याच वर्षीं उष्णता अडविणाऱ्या पडद्यांच्या नळ्यांस वेल्डिंगजवळ बारीक चिरा पडल्याचें जाहीर झालें. क्लोरीनचा अंश तेथें राहून गेल्याचा तो परिणाम होता. बसविलेला भाग काढून दुरुस्ती करावी लागली आणि वर्षें गेलीं. कित्येकांस हें अपयश वाटलें. मला तें पारखीचें यश वाटतें. इंधनाचा एक कणहि आंत येण्यापूर्वीं चूक सांपडली, ती लपविली गेली नाहीं, आणि कोट्यवधि रुपयांचें काम एका प्रश्नासाठीं थांबूं शकलें.

इंग्लंड व अमेरिका या देशांनीं २०२२ व २०२३ या सालांत असें ठरविलें कीं, संमीलनाच्या भट्ट्यांस भंजनाच्या भट्ट्यांइतके कडक नियम लावूं नयेत. धोका लहान तर नियम हलका, हें तत्त्व रास्त आहे. मात्र धोका लहान आहे हें प्रत्येक भट्टीच्या बाबतींत दाखवून द्यावें लागेल, एवढें भान सुटतां कामा नये. उलट बाजूचें भानहि हवें. चुलीच्या धुराची व राखेची संवय झाली म्हणून ती कमी अपायकारक ठरत नाहीं. नव्या यंत्राच्या क्वचित् होणाऱ्या अपघाताची तुलना जुन्या यंत्राच्या रोजच्या अपायाशीं केली पाहिजे. कोळशाच्या राखेशेजारीं राहणाऱ्या आपल्या जिल्ह्यास हें अधिक सांगावयास नको.

आपल्या जिल्ह्यांत आज अशी भट्टी नाहीं. पण आजच्या शाळेंतलीं मुलें मोठीं होतील तेव्हां हा विषय पुस्तकांतून निघून कदाचित् ग्रामसभेंत आलेला असेल. त्या वेळीं कोणी ‘हा बाँब आहे’ म्हणून घाबरवील, कोणी ‘हा सूर्य आहे, ह्यांत भय कसलें’ म्हणून भुलवील. दोघांसहि शांतपणें विचारावें: आंत काय व किती आहे, त्यास बाहेर ढकलणारें काय आहे, अडविणाऱ्या भिंती किती व त्यांस खिडक्या कोठें आहेत, आणि सारें फुटलें असें धरलें तर आमच्या तलावाच्या पाण्यांत व धानांत किती उतरेल? ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें जो आंकड्यांनिशीं देईल व तपासूं देईल, त्याच्याशींच पुढचें बोलणें करावें. आजवरचे हिशेब पाहतां, नीट बांधलेल्या भट्टीच्या शेजाऱ्यांस गांव सोडावें लागणार नाहीं अशी आशा धरण्यास चांगला आधार आहे. तो हिशेबांचा आधार आहे, अनुभवाचा अद्याप नाहीं. आणि हा फरक लक्षांत ठेवणें, हेंच पारख करणाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय.